तोरगचा हात

मुकुटबन,
६ ऑक्टोबर २०२४

पियुष,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग खोडलं. आशीर्वादसुद्धा नंतर पाहू.

परवा मुलाखतीत जाळीपलीकडून तू एवढंच विचारलंस की सोनूचं कसं आहे, आणि मी तोंड उघडायच्या आत वेळ संपली. तर ऐक. डावा डोळा गेला. वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी तो काढून टाकला. गालाचं हाड तारेने बांधलंय. विमलकाकू त्याला चमच्याने वरणाचं पाणी पाजतात, आणि पाजताना रडत नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटते.

मी किती वेळा मनात उलगडून पाहिलं, तरी मला ते कळत नाही. पोळ्याला तोरणाखाली सोनूने तुझ्यावर चार ओळींची झडती म्हटली. घरचे बैल वावरात राबतात आणि घरचा गडी टीव्हीत तलवार चालवतो, एवढंच म्हणाला. सगळं गाव हसलं. अरे, झडती असतेच चिडवायला! बाबांवर तर दरवर्षी एखादी असतेच. तूही हसलास, मी स्वतः पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी, करीला, पिऊन आलास, बैलगाडीची उभारी उपसलीस, आणि तो बाभळीचा दांडका सख्ख्या चुलत भावाच्या तोंडावर घातलास. एकदा नाही. तो पडल्यावर दुसऱ्यांदा घातलास. मी नळावर होते. तो दुसरा आवाज मी ऐकला.

ऋतिकचं काही खरं नाही. काकूंच्या आणि आपल्या घरात एकच भिंत, त्यामुळे तो मुद्दाम मोठ्याने बोलतो. "सुटू द्या त्याले. दारातच पाडतो. माह्या भावाचा एक गेला, त्याचे दोन्ही काढतो." तुझी ती उभारी पोलिसांनी नेली. त्याने गाडीची दुसरी उपसून दाराशी ठेवली आहे आणि तिच्या टोकाला लोखंडी कडी ठोकून घेतली आहे.

टीव्हीला जोडायचा तुझा तो खेळाचा डबा मी विकायला काढलाय. पोलिसांनीही विचारलं, हे मारामारीचं तिथेच शिकला का म्हणून.

सुरभी

*

यवतमाळ, कारागृह,
१९ ऑक्टोबर २०२४

ताई,

माझ्यावर थुंक, पण डबा विकू नको. हात जोडतो.

इथे पत्र आधी साहेब वाचतात, तेव्हा साहेबांनाही नमस्कार. मी काही लपवणार नाही. मारलं ते मीच मारलं. खेळाने मारलं नाही. पोळ्याला हसलो ते लोकांसमोर हसलो. रात्रभर ते हसणं कानात राहिलं, सकाळी दारू पोटात गेली, आणि गाडी दारातच उभी होती. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

आता खेळाचं. तू कधी आमच्या मागे उभी राहून नीट पाहिलंच नाहीस, म्हणून सांगतो. त्याचं इंग्रजी नाव बाबांना म्हणता येत नाही आणि त्यात सगळं जळालेलं दिसतं, म्हणून आपल्या घरात तो 'राखेचा खेळ'. पूर्ण व्हायला वर्ष लागतं एवढा लांब. आपला माणूस एक वाटसरू असतो, त्याला नाव आपण द्यायचं. मी आणि ऋतिकने 'सरपंच' दिलं होतं. हसू नको. सरपंचासोबत तोरग नावाचा कुऱ्हाडवाला असतो. एका सरदाराने त्याचं गाव जाळलेलं असतं, घरची माणसं आत असताना. तोरगला तो सरदार हवा असतो. सगळा खेळ म्हणजे त्या सरदारापर्यंतची वाट.

दोन वर्षं मी आणि ऋतिक रोज खेळलो. तो आमच्या भिंतीवर थाप मारायचा, मी टीव्ही लावायचो. सरपंच माझा, तोरग त्याचा. आम्ही एकदा शेवटपर्यंत गेलो होतो, ताई. सरदार बांधलेला, गुडघ्यावर. तोरगने त्याला तोडलं. मग त्याची लहान मुलगी आडवी आली, तिला तोडलं. मी सरपंचाला मध्ये घातलं, तर त्याने सरपंचालाही तोडलं. पडदा काळा झाला. ऋतिक हसून हसून खाली लोळला. मीही हसलो.

नंतर एका पोराने सांगितलं की शेवट असा एकच नसतो. प्रत्येक लढाईनंतर शेकोटी येते. तोरग तिथे बसतो. त्याच्याजवळ जाऊन बसायचं, तो दोन शब्द बोलतो, कधी तेही नाही. त्याचे गुण मिळत नाहीत, हत्यार मिळत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक वेळी गोल बटण दाबून शेकोटी पुढे ढकलली. आणि खरं सांगू, ते इंग्रजी पटापट जायचं, आम्हाला वाचता यायचं नाही. एकमेकांना ते कबूल करायची लाज वाटायची. पण तो पोरगा म्हणाला, सगळ्या शेकोट्यांवर बसलं तर तोरग आतून बदलतो, एकदम नाही, कळणारही नाही इतका हळू, आणि शेवटी सरपंचाचं ऐकतो.

ताई, तू शाळेत इंग्रजी शिकवतेस. पहिल्यापासून खेळ. गोल बटण दाबू नको. शेवटी काय होतं ते मला लिहून कळव.

इथे काल भाताच्या रांगेवरून एकाचे दोन दात पडले. मी पाडले नाहीत. पाहात होतो.

तुझा,
पियुष

*

मुकुटबन,
२४ नोव्हेंबर २०२४

पियुष,

विकला नाही. गिऱ्हाईक मिळालं नाही असं समज.

कपाशीची पहिली वेचणी उरकली आणि रविवारी दुपारी मी तुझ्या डब्याचं ते दोन कानांचं यंत्र हातात घेतलं. पहिले दोन रविवार सरपंच भिंतीला नाक लावून चालत होता. बाबा बाजेवरून म्हणाले, "याच्यापेक्षा आपला खरा सरपंच बरा, तो निदान दार पाहून चालते." दोन महिन्यांत बाबा पहिल्यांदा काही बोलले, म्हणून मी मुद्दाम अजून थोडी धडकले.

मग जमलं. आणि आता एक सांगते, रागावू नको. एका लढाईनंतर एक शिपाई जिवंत सापडला. हात जोडून रडत होता. सोडायचं की नाही, ते खेळ विचारतो. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला ऋतिकची ती कडी ठोकलेली उभारी दिसली. मी सोडलं नाही. तोरगकडून त्याचे आधी हात तोडवले, मग मान. रक्त पडद्यावर उडालं आणि मला बरं वाटलं, पियुष. पोटातून बरं वाटलं. मी एकोणतीस वर्षांची बाई, वर्गात पोरांच्या कानालासुद्धा हात लावत नाही. तुला त्या दिवशी असंच वाटलं का?

शेकोटीवर मी बसते. तोरग काही बोलत नाही, पाठ करून बसतो. एकदा म्हणाला, तू इथे का बसतोस. उत्तरांत एक होतं, थंडी आहे म्हणून. मी तेच दिलं. बाबांना कळावं म्हणून मी त्याचं बोलणं मोठ्याने आपल्या बोलीत म्हणते. "कायले बसतं गा अथी?" "थंडी हाय म्हणून." बाबांना ते फार आवडलं.

पलीकडून भिंतीवर दणका बसला. दगड असावा. पोपडे खाली आले.

सुरभी

*

यवतमाळ,
१५ डिसेंबर २०२४

ताई,

हो. मला अगदी असंच वाटलं होतं. तू विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर वकिलांनाही हे सांगितलं नाही. दुसरा घाव घालताना मला बरं वाटत होतं.

पुढच्या वेळी कैदी सापडला तर सोडून दे. तोरग ते लक्षात ठेवतो. मारलं तेही ठेवतो.

जामीन अर्ज इथल्या कोर्टात फेटाळला. आता नागपूरला हायकोर्टात टाकणार. बाबा मुलाखतीला का येत नाहीत? आणि भिंतीवर दगड मारला तो ऋतिकने, हे तू लिहिलं नाहीस तरी कळतं. त्याला काही बोलू नको. दार लावून घेत जा.

पियुष

*

मुकुटबन,
१२ जानेवारी २०२५

चि. पियुष,

बाबा वावराच्या धुऱ्यावरून पडले. मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. आधी कपाशी होती, आता हे, म्हणून ते येत नाहीत. तुझी मोटारसायकल विकून टाकली, तशीही पडूनच होती. बाकी सगळं ठीक.

तोरगने काल पहिल्यांदा स्वतःचं काही सांगितलं. त्याच्या घराचं दार आत उघडायचं. आग लागल्यावर माणसं दाराशी गोळा झाली आणि त्यांच्याच भाराने दार उघडेना. तो बाहेरून ढकलत होता. एवढं बोलला आणि झोपला.

तूर बरी आहे. शेंगा भरल्यात.

सुरभी

*

यवतमाळ,
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

तू मला लहान पोरगा समजतेस का?

मारेगावकडचा एक जण परवा आत आला. त्याने सगळं सांगितलं. बाबा कुठल्याही धुऱ्यावरून पडले नाहीत. ऋतिकने उभारी घातली. आणि मोटारसायकल विकली नाही, तिचे तुकडे झाले. म्हाताऱ्या माणसावर, स्वतःच्या काकावर हात टाकला, आणि तू मला तुरीच्या शेंगा सांगतेस?

हे ऐकलं तेव्हा माझ्या शेजारी उकंडाभाऊ बसला होता. साठीचा माणूस, घरच्या भांडणात आत आलेला. तो फक्त म्हणाला, "शांत राह्य बाबू." मी त्याचा हात धरून उलटा पिळला. बोटं मोडल्याचा आवाज आला. मग मला चौघांनी पाडलं, तोंडावर लाथा बसल्या, ओठ शिवलाय. आता वेगळ्या खोलीत आहे.

मी सुटल्यावर ऋतिकला █████████████████████ ██████████ ████████ आणि मग परत इथे येऊन बसेन, मला फरक पडत नाही.

खेळ बंद कर. तोरगबिरग सगळं खोटं आहे. माणूस बदलत नसतो.

पियुष

*

मुकुटबन,
२ मार्च २०२५

पियुष,

तुझ्या पत्रावर साहेबांनी काळी शाई ओढली आहे. तिच्याखाली काय आहे ते वाचायला मला चष्मा लागत नाही.

खरं ऐकायचंय ना? ऐक. संक्रांतीच्या आधीचा आठवडा, सकाळची वेळ. सोनू पहिल्यांदा एकटा ओट्यावर आला आणि पायरी चुकून तोंडावर पडला. डाव्या बाजूचं त्याला दिसतच नाही. शिवलेल्या खोबणीतून रक्त आलं. ऋतिकने त्याला उचलून आत नेलं आणि उभारी घेऊन थेट आपल्या अंगणात आला. आधी तुझी मोटारसायकल. टाकी फुटली, दिवा फुटला, तरी थांबेना. पेट्रोल अंगणभर. बाबा काठी घेऊन मध्ये गेले. ऋतिकने पाहिलंही नसेल कोण आहे ते. उभारी फिरली आणि बाबांचं मनगट लोंबायला लागलं. मी विळा उचलला होता, पियुष. तो पाठमोरा होता. त्याच्या मानेवर कुठे घालायचा, ते मी ठरवलंही होतं. विमलकाकूंनी मागून माझी वेणी धरून मला पाडलं. म्हणून आज मी बाहेर आहे आणि तुला पत्र लिहिते आहे.

बाबांनी तक्रार केली नाही. "एका घरचे दोन पोट्टे आत टाकून मी काय करू?" म्हणाले. तुला लिहू नको, हेही त्यांनीच सांगितलं.

आता याच्या पुढचं, जे तुझ्या मारेगाववाल्याला ठाऊक नाही. त्यानंतरच्या रविवारी मी टीव्ही लावला. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. शेकोटी आली. मी तोरगचं बोलणं मोठ्याने म्हणायला लागले. मागे सावली पडली. ऋतिक दारात. उभारी हातात. बाबा बाजेवर उठून बसले. मी मान वळवली नाही, वाचत राहिले.

तो म्हणाला, "गोल बटण दाब ना वं. कायले आयकत बसतं त्याचं?"

मी म्हटलं, "मले आयकाचं हाय."

तो तिथेच उंबरठ्यावर बसला. आत आला नाही. शेकोटी संपल्यावर उठून गेला. पुढच्या रविवारी परत आला. तेव्हापासून येतो. कधी शिव्या देतो, कधी उभारी जमिनीवर आपटत बसतो. एकदा मी लढाईत चुकले तर "अवं, मांगून ये ना, बह्याडे!" म्हणून ओरडला, मग स्वतःच ओशाळला. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. पण मागच्या रविवारी बाबांनी डाव्या हाताने चहाचा कप उंबरठ्यापर्यंत सरकवला.

तोरग त्या दिवशी म्हणाला, मला त्या सरदाराला मारायचंच आहे, पण मारल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं, ते मला ठाऊक नाही. मी ते आपल्या बोलीत म्हटलं. ऋतिकने विचारलं, "असंच हाय का लिवलेलं? का तू आपल्या मनानं सांगून राह्यली?" मी त्याला ओळीवर बोट ठेवून दाखवलं. त्याने त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं.

तुमचं दोघांचं दोन वर्षं टीव्हीपुढे बसून हेच चाललं होतं. तुम्ही फक्त तोडायचं तेवढं घेतलंत आणि बाकीचं पुढे ढकललंत. तू मला माणूस बदलत नसतो म्हणून सांगतोस? मग तू दोन महिन्यांपूर्वी कैदी सापडला तर सोड म्हणून कोणाला सांगत होतास? मला भीती ऋतिकची नाही आता. तुझी आहे. तू हेच डोकं घेऊन सुटणार असशील तर मी स्वतः वकिलांकडे जाईन आणि अर्ज मागे घ्या म्हणून सांगेन. हे मी रागात लिहीत नाही.

त्या उकंडाभाऊंच्या बोटांचं काय झालं, ते लिही.

सुरभी

*

मुकुटबन,
१८ मे २०२५

चि. पियुष,

तुझं पत्र नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. मुलाखतीलाही तू बाहेर आला नाहीस. मी एवढ्या उन्हात बस बदलत येऊन परत गेले. तरी लिहिते.

सोनू वावरात जायला लागला होता. परवा वखराला जुंपताना पाखऱ्या बैलाने मान झटकली. शिंग डाव्या बाजूने आलं, सोनूला दिसलंच नाही. बरगडीत घुसलं असतं, थोडक्यात खरचटून गेलं. ऋतिक धावला आणि त्याने पाखऱ्याला उभारीने मारायला सुरुवात केली. त्या कडीने कातडी फाटत होती. बैल गुडघ्यावर आला, तोंडाला फेस, पाठीवरून रक्त, तरी हा मारतोच आहे. मी धुऱ्यावर होते. कोणाची पुढे जायची हिंमत झाली नाही. शेवटी सोनूच रांगत मध्ये गेला आणि बैलाच्या मानेवर आडवा पडला.

"त्याले काय मारतं?" सोनू म्हणाला. "त्यानं मान हालवली, बैलच हाय तो. मलेच दिसला नाही. मले या बाजूले माणूस पाह्यजे, ऋतिक. काठी नाही."

ऋतिक उभारी टाकून वावराच्या मधोमध बसला. संध्याकाळपर्यंत तिथेच होता. पाखऱ्याच्या जखमांना मी आणि काकूंनी हळद लावली.

रविवारी तो आला तेव्हा उभारी आणली नव्हती. पहिल्यांदा उंबरठा ओलांडून आत बसला. मी यंत्र त्याच्या हातात दिलं. शेकोटी आली. त्याचा अंगठा सवयीने गोल बटणावर गेला, मी पाहिला. दाबलं नाही. म्हणाला, "वाच."

खेळात आम्ही सरदाराच्या गढीजवळ आलो आहोत. शेवट फार लांब नाही.

तुझी वाट पाहते.

सुरभी

*

यवतमाळ,
२९ जून २०२५

ताई,

पत्र लिहायला बसायचो आणि उठायचो. तुझं मार्चचं पत्र खिशात ठेवून ठेवून फाटलं.

वेगळ्या खोलीतून परत बराकीत आणल्यावर मी उकंडाभाऊच्या समोर गेलो. त्याची तीन बोटं वाकडी राहिली आहेत. भाकर मोडता येत नाही. मी माफी मागणार होतो, ती जमली नाही. तेव्हा त्याच्या बाजूला जाऊन बसलो. त्याने पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशीही बसलो. त्याची भाकर मोडून ताटात ठेवली, त्याने ती बाजूला सारली आणि कोरडा भात खाल्ला. बरेच दिवस असंच. एकदा तो म्हणाला, "काहून बसतं रे इथी?" ताई, शपथ सांगतो, मला हसू आलं. मी म्हटलं, थंडी आहे म्हणून. बाहेर मे महिना होता. तो मला वेडा समजला असणार. पण त्या दिवशी त्याने भाकर खाल्ली.

ऋतिकचा राग माझा गेलेला नाही. बाबांचं मनगट आठवलं की अजून हात शिवशिवतात. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण सोनू बैलावर आडवा पडला, ते तू लिहिलंस आणि मला कळलं की मी उभारी उचलली तेव्हा असं आडवं पडायला माझ्या बाजूलाही कोणी हवं होतं. आणि ते कोणी असतं तर ऋतिकच असता. तो त्या दिवशी बाजारात गेला होता.

अर्ज मागे घे म्हणायचं असेल तर म्हण. तुझं ऐकेन.

शेवट आला का?

पियुष

*

मुकुटबन,
१० ऑगस्ट २०२५

चि. पियुष,

आधी मोठी बातमी. नागपूरहून जामीन झाला. कागद यायला आठवडा तरी लागेल. दर सोमवारी ठाण्यात हजेरी आणि साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही, एवढ्या अटी. मी वकिलांना अर्ज मागे घ्या म्हटलं नाही. तुझं जूनचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं, ते डोळे पुसून म्हणाले की धूर झाला.

आता शेवट.

मागच्या रविवारी आम्ही गढीत शिरलो. फार माणसं मेली. पायऱ्यांवरून रक्त उतरत होतं. तोरगच्या अंगावर जागा उरली नव्हती. यंत्र ऋतिकच्या हातात होतं, आणि सोनू आला होता. पहिल्यांदाच आपल्या घरात आला. बाबांनी त्याला बाजेवर आपल्या डावीकडे बसवलं, म्हणजे त्याच्या चांगल्या डोळ्याला बाबा दिसतील.

सरदार बांधलेला, गुडघ्यावर. त्याची मुलगी कोपऱ्यात. तोरगने कुऱ्हाड उचलली. आणि थांबला. पूर्वी तुमच्या वेळी थांबला नव्हता ना? आता थांबला. सरपंचाकडे वळून म्हणाला... मी मोठ्याने म्हटलं, "तू बसला माह्याजोळ. आता तूच सांग."

खाली दोन उत्तरं होती. मार. किंवा, बस झालं.

ऋतिकचा अंगठा हलत होता, इकडे, तिकडे. सोनूने हळूच विचारलं, "काय लिवलं हाय?" मी सांगितलं. ऋतिकने त्याच्याकडे पाहिलं, त्या शिवलेल्या खोबणीकडे. मग यंत्र जमिनीवर ठेवलं आणि निघून गेला.

मी दाबलं नाही. ते माझं नव्हतं. तोरग कुऱ्हाड उचलून उभा आहे. लाईट गेली की खेळ आधीच्या शेकोटीवर जातो, मी परत त्याला तिथवर आणून ठेवते. बाबा येता जाता विचारतात, "त्या गड्याचा हात दुखत नसंल का वं?"

ऋतिक तुला स्वतः लिहिणार म्हणतो. काय लिहील ते मला ठाऊक नाही. मी वाचणार नाही, असं कबूल केलंय. येण्याआधी ते वाच, आणि नीट विचार कर.

तुझी,
ताई

*

मुकुटबन,
१३ ऑगस्ट

पियुष,

मले लिवता येत नाही हे तुले मालूम हाय. चुका पाहू नको.

म्या तुले माफ केलं नाही. पयले हेच लिवतो, कावून का ताई गोड लिवत असंल. सोनूचा डोया परत येत नाही. तुले दारात पाडाचं म्या पक्कं केलतं. उभारी कोठं घालाची, कितीक घाव घालाचे, सारं. आंघोय करता करता बी तेच डोक्शात. काकाचा हात माह्यानंच मोडला. त्या दिवशी काका हाय का तू हाय हे मले दिसलंच नाही. काका मले चहा देते. तो चहा गयाखाली उतरत नाही, तरी पितो.

रविवारी म्या बटण कावून दाबलं नाही, तुले सांगतो. 'मार' दाबासाठी आंगठा गेलता. मंग वाटलं, दोन साल तोरग माह्या हातात होता अन् म्या त्याले एक डाव बी इचारलं नाही का बाबू तुहं घर कसं जयालं. 'बस झालं' बी दाबता आलं नाही. बस झालं नाही ना. खोटं कसं दाबू?

सोनूले म्या इचारलं, पियुष येऊन राह्यला, काय करू. तो म्हणे, पोया हाय बावीस तारखेले. पाखऱ्या गरम डोक्याचा हाय. तोरणाखाली गर्दी, वाजंत्री, फटाके. मले डाव्या बाजूचं दिसत नाही. ज्यानं ती बाजू नेली त्यानंच तथी उभं राहावं.

तर असं हाय. तू सोनूच्या डाव्या बाजूले उभा राहाशीन. साऱ्या गावासमोर. यंदा पोयाले अन् फुडच्या पोयाले अन् त्याच्या फुडच्या. वखराले जुंपताना बी, पायरी उतरताना बी. लोकं झडत्या म्हणतीन तुह्यावर, लय वंगाळ म्हणतीन. आयकजो. वकील म्हणते दबाव आणाचा नाही. हा दबाव आमचा हाय, तुहा नाही, सायबाले सांगजो.

उभारीची कडी काढली. उभारी गाडीले लावली, तथंच तिची जागा हाय. पण माह्या हाताचा मले अजून भरोसा नाही. तू दारात दिसला अन् माहा हात उठला, तर पळू नको. तुहा बी उठू देऊ नको. खाली बस. मी बी बसतो. बसून पाहू.

पोयाच्या आदल्या रोजी, खांद शेकाच्या दिवशी, बैलाच्या कानात म्हणतो ना आपून, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. पाखऱ्याची पाठ म्या घावानं भरून काढली, तरी त्याले आवतन देणं हाय. तुले बी देतो.

तोरगचा हात वरच हाय. म्या एकट्यानं तो खाली करत नाही. तू ये. भिंतीवर थाप मारजो, मी येऊन टीव्ही लावतो.

ऋतिक